मागची शिवण

पँटची घडी घालताना तिचं बोट मागच्या शिवणीत अडकलं आणि ती तिथंच थांबली. तपासणीच्या खोलीबाहेर भिंतीला लागून चार खुर्च्या होत्या, त्यातल्या तिसरीवर ती बसली होती. मांडीवर बाबांचे कपडे होते, शर्ट, पँट, बनियन आणि सगळ्यांत वर रुमालात गुंडाळलेला चष्मा. दहा मिनिटांपूर्वी बाबा हिरव्या झग्यात, पाठीमागच्या नाड्या एका हाताने घट्ट धरून, आत गेले होते. जाताजाता त्यांनी झग्याची बाही बोटांत चाचपली होती आणि "हे शिवलंय का चिकटवलंय?" असं पुटपुटले होते, कारण बाबा शिंपी, चाळीस वर्षं मशीनवर, आणि यमाच्या दारात उभं केलं तरी ते आधी तिथल्या पडद्याची दुमड बघतील. आत त्यांच्या तोंडातून एक नळी पोटात उतरवायची होती, नळीच्या टोकाला सुई होती, आणि त्या सुईने स्वादुपिंडातल्या गाठीतला एवढासा कण खुडून आणायचा होता. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला जे निघालं ते पुरलं नव्हतं, आणि ते पुरलं नाही हे सांगायला त्यांनी अकरा दिवस घेतले होते. कॅन्सर आहे असं सगळ्यांना वाटत होतं, पण वाटण्यावर औषध देत नाहीत, पुरावा लागतो. आज पुरावा निघाला तर उपचार सुरू. नाही निघाला तर पुन्हा तारीख, पुन्हा उपास, पुन्हा वाट, आणि बाबांनी तर काल जाहीरच करून टाकलं होतं, "ही शेवटची. तिसऱ्यांदा मी तोंड उघडणार नाही. जेवायला उघडायचं का, तेसुद्धा विचार करून सांगीन."

तिने पँट उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीला, कमरेपाशी, कापडाची जाड घडी होती, दोन्ही बाजूंना इस्त्रीने दाबून बसवलेली, चार टाक्यांनी आतून पकडलेली, वरून कुणाला सुगावा लागू नये अशी. त्या घडीवर भोकांची एक बारीक ओळ होती, जुने टाके उसवल्याची. तिच्यापासून अर्ध्या इंचावर दुसरी. मग तिसरी. ती शिंप्याच्या घरात वाढली होती, शाळेतून आल्यावर मशीनखाली बसून टाचण्या वेचत होती, या ओळी वाचायला तिला कुणी शिकवायला नको होतं. पाच ओळी. पाच वेळा उसवलेली, पाच वेळा आत घेतलेली, दर वेळी कमरेत एक इंच. पँट सुलट करून पाहिली तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या इतके जवळ आले होते की मध्ये जेमतेम दोन बोटं बसावीत. शर्ट बाहेर सोडला की खिसे झाकले जातात. आणि बाबांनी शर्ट बाहेर कधीपासून सोडायला सुरुवात केली होती? तिला आठवेना. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि तिला तिथल्या तिथे रडावंसं किंवा ओरडावंसं वाटू लागलं, दोहोंतलं नेमकं काय ते कळेना: त्यांनी आतलं जादा कापड एकदाही कापलं नव्हतं. सगळी माया तशीच ठेवली होती. कधीतरी पुन्हा सोडता येईल म्हणून.

कपडे सैल होतायत का, हा प्रश्न तिने स्वतःच्या कानांनी तीन वेळा ऐकला होता. साखरवाल्या डॉक्टरांनी विचारला, हाडांच्या डॉक्टरांनी विचारला, पोटाच्या डॉक्टरांनी तर कागदावर चौकोनच छापला होता, हो किंवा नाही. आणि तिन्ही वेळा बाबा ताठ बसून, जरासे दुखावल्यासारखे, म्हणाले होते, "नाही बुवा. सगळे अगदी बरोबर बसतात." खरंच बसत होते. जगात दुसऱ्या कुठल्याही माणसाने हे उत्तर दिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, म्हणजे एक महिना उशिरा का होईना, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं असतं, पँट धरून चालावं लागलं असतं, बायकोने टोकलं असतं. तिच्या बाबांचे कपडे मात्र मरेपर्यंत बरोबर बसणार होते. आई असती तर तिने पाठीवरून हात फिरवूनच ओळखलं असतं, पण आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि मुलगी दर रविवारी येत होती ती काखेत मूल घेऊन, त्याची पिशवी, त्याची बाटली, त्याचं झबलं सांभाळत. बाबा दार उघडायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "किती भरलं?" ती बाळाचं वजन सांगायची, ग्रॅमसकट. मग बाबा खूश होऊन मशीनवर बसायचे आणि बाळाचं झबलं काखेत सैल सोडून द्यायचे, अर्धा इंच, पाऊण इंच. त्याच मशीनवर, बहुधा त्याच संध्याकाळी, तिची रिक्षा वळली की स्वतःची पँट आत घेत असतील.

ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर काम करत होती, बाळंतपणाच्या रजेनंतर नुकतीच परत रुजू झालेली, आणि माणसं कशी टोलवायची हे तिला पगारी ज्ञान होतं. एक माणूस येतो, म्हणतो नळाला पाणी कमी येतंय. त्याला तक्रार क्रमांक देऊन ती कागद दाबाच्या विभागाकडे पाठवते. चार दिवसांनी त्याचा शेजारी येतो, भिंतीला ओल आलीय. ती म्हणते, भिंत आमच्याकडे नाही, बांधकामाकडे जा. पुढच्या आठवड्यात तिसरा येतो, रस्ता खचलाय. रस्त्याचं टेबल वेगळं. प्रत्येक टेबलावरचा माणूस इमानदारीने आपापलं काम करतो, आपापला कागद मिटवतो, लाल शिक्का मारतो, निराकरण झाले. आणि जमिनीखाली एकच नळ फुटलेला असतो. बाबांची साखर अचानक वाढली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, साता पिढ्यांत कुणाला नसताना. गोळी दिली, निराकरण झाले. पुढच्या खेपेला वजन चार किलोने उतरलेलं पाहून साखरवाले डॉक्टर म्हणाले होते, "शाबास, मास्तर! असंच चालू ठेवा," आणि बाबांनी घरी येऊन ते शाबास तिला फोनवर सांगितलं होतं, आणि तिने, बाळाला खांद्यावर थोपटत, "अरे वा" म्हटलं होतं. पाठ दुखू लागली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं वाकून शिवलंत, दुखणार नाही तर काय होईल? पट्टा दिला, निराकरण झाले. जेवलं की पोट फुगतं, शौचाला तेलकट होतं, त्याला पित्ताची गोळी. एकाने सोनोग्राफी सुचवली तीही झाली, आणि तिच्या अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत, सगळं छान छान असल्याच्या यादीनंतर, बारीक अक्षरात लिहिलं होतं की आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड दिसू शकले नाही. ते वाक्य तिने वाचलं होतं. तिने वाचलं, डॉक्टरांनी वाचलं, बाबांनी तर चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वायू आहे म्हणतात. बटाटा बंद करतो."

दार उघडून नर्स बाहेर आली, हातात पाटीला लावलेला कागद. "नातेवाईक कोण? इथे सही करा, इथे, आणि इथे." सही करता करता तिची नजर वरच्या रकान्यात गेली. वजन, अडुसष्ट.

"हे कुणी सांगितलं?"

"पेशंटनीच. मागच्या कागदावरही तेच आहे."

"त्यांचं वजन अडुसष्ट नाहीये."

"मग किती आहे?"

आणि ते तिला सांगता येईना. बाळाचं विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं, आठ किलो दोनशे दहा. "मला माहीत नाही. पण ही पँट बघा."

नर्सने पँटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, मला सही हवीय. पँट नकोय."

"यात पाच इंच आत घेतलेत. पाच! माणूस पाच इंच आत गेलाय आणि तुमच्या कागदावर तो अजून अडुसष्टच आहे. तुम्ही भूल वजनावर देता ना? मग काटा आणा."

"आवाज जरा खाली. इथे पेशंट आहेत."

"तेच तर म्हणतेय मी, पेशंट आहेत!"

नर्स उसासा टाकून आत गेली. काहीतरी लोखंडी सरकवल्याचा आवाज झाला, आणि मग दाराच्या फटीतून बाबांचा आवाज, चोरी पकडलेल्या पोरासारखा, "कुणी सांगितलं? आमच्या ठमीनं?" ठमी म्हणजे ती. लहानपणी गाल फुगवून बसायची म्हणून पडलेलं नाव, आता फक्त एकाच माणसाच्या तोंडी उरलेलं. थोड्या वेळाने नर्स परत आली, अडुसष्टवर काट मारून तिने वर त्रेपन्न लिहिलं, आणि जाताना म्हणाली, "पँटवरून वजन सांगणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं." त्रेपन्न. ती आकड्याकडे बघत राहिली, म्हणजे कागद गेल्यावरही जिथे कागद होता तिथे बघत राहिली. पंधरा किलो. दोन बाळं, जवळजवळ. नऊ महिन्यांत तिच्या घरात आठ किलोंचं माणूस आलं होतं आणि त्याच नऊ महिन्यांत दुसऱ्या घरातून पंधरा किलोंचं निघून गेलं होतं, आणि तिने फक्त येणाऱ्याची नोंद ठेवली होती.

फोन थरथरला. दादा. दादा दुसऱ्या शहरात राहायचा आणि काळजी आवाजाच्या संदेशांतून पाठवायचा, एकेक तीन-तीन मिनिटांचा. "अगं, मी वाचलं, की रक्ताची एक तपासणी असते, त्यात कळतं म्हणे. ती का नाही करत? सुया कशाला टोचतायत?" तिने अंगठा दाबून धरला आणि फोनला तोंड लावून म्हणाली, "केली, दादा. आकडा नॉर्मल आला. काहींच्या रक्तात तो पदार्थ बनतच नाही म्हणे, मग कितीही आजार असू दे, आकडा नॉर्मलच येतो. आपले बाबा त्या काहींत बसतात. बाबा सगळीकडे बरोबर बसतात." लगेच दुसरा संदेश. "मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." ती हसली. दुसऱ्या! साखरवाले, हाडांचे, पोटाचे, स्कॅनच्या फोटोत शेवटी गाठ दाखवणारे फोटोवाले, कापणारे, औषधवाले, आणि आत बसलेले हे नळीवाले. सात झाले, आणखी एक आला तर सगळे मिळून एक माणूस तयार होईल. कापणारे डॉक्टर त्यातल्या त्यात बरे होते, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, मक्याच्या कणसासारखं आडवं काहीतरी, त्याच्या मध्यावर गोळा, आणि गोळ्याच्या पाठीमागून गेलेली जाड शीर. "गाठ शिरेला टेकलीय. वेढलेलं नाही अजून, टेकलीय. आत्ता कापायला गेलो तर थोडी मागे राहील, आणि मागे राहिलेली आपल्याला फसवते. आधी औषधांनी आक्रसवू, मग बघू." औषधवाले म्हणाले, पुरावा आणा. नळीवाल्यांनी सुई घातली तर गाठीत व्रणासारख्या निबर पेशीच जास्त, खरा आजार त्यात खिचडीतल्या खड्यासारखा कुठेतरी एखादा. टेकलीय आणि वेढलेली नाही, यामधली जागा म्हणजे बाबांचं उरलेलं आयुष्य, आणि ती जागा किती आठवड्यांची हे कुणी सांगत नव्हतं. अकरा दिवस त्यातले गेले. अकरा दिवस तिने खिडकीवर बसून लोकांना सांगितलं, तुमची तक्रार नोंदवली आहे.

कुठेतरी, वळणापलीकडच्या खोलीत, एक तान्हं रडायला लागलं. ते तिचं नव्हतं, तिचं घरी होतं, नवऱ्यापाशी, आणि नवऱ्याचा मघाशीच फोन येऊन गेला होता, "बाटली तोंडातच घेत नाहीये गं. माझ्याकडे असा बघतो जसा मी त्याला फसवतोय." पण छातीला काय कळतं? आधी चुणचुण, मग घट्टपणा, मग तो ओळखीचा कोमट ओलावा कपड्यावर पसरत गेला, आणि तिने घाईने हातातली पँट छातीशी धरली. कापडाला बाबांचा वास होता, इस्त्रीचा, मशीनच्या तेलाचा, खडूचा. कापड दूध पीत होतं. वाया, ती मनात म्हणाली, सगळं वाया, एकाला हवं ते दुसरीकडे सांडतंय, आणि ज्याला भरायला हवं तो रोज जेवतोय तरी अंगी लागत नाही. तिला एकदम सगळ्यांचा राग आला. नवऱ्याचा, कारण त्याला नऊ महिन्यांत बाटली धरायचा कोन कळला नाही. दादाचा, कारण तो वाचतो. डॉक्टरांचा तर होताच. बाबांचा सगळ्यात जास्त. आणि त्या रागाच्या तळाशी, टाचणी सांडल्यावर पाय ठेवताना वाटते तशी एक भीती होती, की दार उघडेल आणि नळीवाले डॉक्टर हातमोजे काढत म्हणतील, या वेळीही जरा कमीच पडलं हो.

दार उघडलं. नळीवाले डॉक्टर हातमोजे काढतच आले. तरुण होते, डोळ्यांखाली काळं, घामाने टोपी कपाळाला चिकटलेली. "पाचदा सुई घालावी लागली," ते म्हणाले. "पण या वेळी लॅबच्या मॅडमना आतच बसवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे काचेवर बघितलं. पुरेसं मिळालंय."

"म्हणजे कळलं?"

"कळलं. आपल्याला वाटत होतं तेच आहे."

"अरे वा!" ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि दोघंही क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली. डॉक्टरांनी नजर वळवली, बहुधा सवयीने, इथे लोक असं काहीबाही बोलत असावेत.  आनंद झाला होता, खराखुरा, परीक्षेचा निकाल लागल्यासारखा, बाबांना कॅन्सर आहे हे एकदाचं पक्कं झालं म्हणून. या आनंदाला कुठल्या टेबलावर पाठवायचं? डॉक्टर सांगत होते, पूर्ण अहवाल दोन-तीन दिवसांत, पण औषधवाल्यांना आजच कळवतो, सोमवारी सुरू करता येईल. दर पंधरा दिवसांनी, सहा वेळा, मग पुन्हा फोटो. शिरेपासून सुटली तर कापतील.

"आणि नाही सुटली तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा बघू." मग त्यांना स्वतःलाच ते अपुरं वाटलं असावं. "खोटं बोलत नाही मी. अवघड आहे. बऱ्याच जणांची नाही सुटत. पण कापण्यापर्यंत पोचायचं असेल तर रस्ता हाच आहे, आणि त्यावर टिकायला वजन लागेल. जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल लिहून देतो. स्वादुपिंड जो रस बनवतं तो बाहेरून द्यायचा. मग खाल्लेलं अंगी लागेल."

"अशी कॅप्सूल असते?"

"असते."

"मग आठ महिने पित्ताची गोळी का देत होते?"

डॉक्टरांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि काही उत्तर न देता मान हलवली. गेल्या आठ महिन्यांत तिला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.

बाबा पडद्यामागच्या पलंगावर, कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपले होते. झग्याच्या नाड्या सुटल्या होत्या आणि पाठ उघडी पडली होती. तिने ती पाठ कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मणका न् मणका मोजता येत होता. तिने चादर वर ओढली तसे त्यांनी डोळे उघडले, जड, भुलीतले.

"निघालं का गं?" घसा खरखरला.

"निघालं."

"चला. फेरा फुकट नाही गेला." जरा थांबून, "तेच ना?"

"तेच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ती स्टुलावर बसली. वाट बघायला हवी होती, ते पुरते जागे होईपर्यंत, घरी जाईपर्यंत, पण तिच्याच्याने झालं नाही. "पँट कधीपासून आत घेताय?"

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग, डोळे मिटूनच, "शिंप्याच्या अंगावर ढगळ पँट शोभते का? गिऱ्हाईक म्हणेल, याला स्वतःचं माप घेता येत नाही, आमचं काय घेणार."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. मला का नाही सांगितलं?"

"पहिल्यांदा घेतली तेव्हा तू बाळंतीण होतीस. आठवा दिवस. टाके ओले होते तुझे. तुला येऊन काय सांगू, ठमे, माझी पँट सैल झाली?"

"आणि दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा? पाच वेळा बाळंत झाले का मी?"

ते हसले, हसताना घसा दुखला, खोकले. तिने पेल्यातलं पाणी ओठांना लावलं. ते एक घोट प्यायले आणि मग अगदी दुकानातल्या आवाजात, गिऱ्हाइकाला तारीख देतात तसे, म्हणाले, "ते औषधाचं कधी म्हणाले?"

"सोमवारी."

"सोमवारी नाही जमायचं. शाळेचे गणवेश द्यायचेत, तीस नग. पुढच्या महिन्यात बघू."

ती उभी राहिली. स्टूल मागे घसरून भिंतीवर आपटलं. "नाही बघू!" ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की ती ओरडतेय, पलीकडच्या पलंगांवरचे लोक ऐकतायत, आणि तिला थांबायचं नव्हतं. "बघू बघू करूनच इथवर आलोय आपण. साखरवाल्याने बघू म्हटलं, पाठवाल्याने बघू म्हटलं, मी बघू म्हटलं, दर रविवारी येऊन मी तुमच्याकडे बघितलंच नाही! आता कुणी बघू म्हणायचं नाही. ती गाठ तुमच्या गणवेशांसाठी थांबणारेय का? ती टेकलीय फक्त, बाबा, अजून फक्त टेकलीय, आणि तुम्ही मला पुढचा महिना सांगताय! पोरं महिनाभर जुने कपडे घालून जातील शाळेत, त्यांना काही होत नाही. मला होईल. तुम्ही नाही आलात तर मला होईल. मला अजून... मला त्याचं झबलं सोडता येत नाही, मला शिकवलंच नाहीत तुम्ही, कायम म्हणालात, राहू दे, मी देतो करून..."   पडद्याच्या कडेतून नर्सने डोकं आत घातलं, तिचं तोंड पाहिलं आणि परत काढून घेतलं.

बाबा छताकडे बघत होते. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे उघडे, ओले आणि विचित्र तरुण दिसत होते. चादरीखाली त्यांचा हात काहीतरी चाचपत होता, काठ, दुमड, सवयीने. मग तो हातही थांबला. पलीकडे कुणाची तरी सलाईनची बाटली संपल्याचा टुंईं टुंईं आवाज येत राहिला आणि कुणीच तो बंद करायला आलं नाही.

"ओकाऱ्या होतात म्हणे त्यानं," ते म्हणाले.

"होतात."

"केस?"

"जातात. परत येतात."

"आणि एवढं करून ती सुटेलच असं नाही."

तिला खोटं बोलता आलं असतं. खिडकीवर ती रोज बोलत होती. "नाही," ती म्हणाली. "असं नाही."

त्यांनी डोळे मिटले.  तिने स्टूल सरळ केलं, बसली, त्यांच्या मनगटावर हात ठेवला. घड्याळ काढलेल्या जागी कातडी पांढरी, थंड.

"किती वाजता?" बाबा म्हणाले.

"काय किती वाजता?"

"सोमवारी. किती वाजता यायचं?"

तिने हे विचारलं नव्हतं. वार विचारला होता, खेपा विचारल्या होत्या, नाही सुटली तर काय ते विचारलं होतं, आणि उपाशीपोटी यायचं का, कुठल्या मजल्यावर यायचं, किती वाजता यायचं, यातलं काहीही विचारलं नव्हतं.

"थांबा हं, बाबा. विचारून येते."

"मी कुठं जातोय?"

ती बाहेर आली. नोंदणीची खिडकी मार्गिकेच्या टोकाला होती. काचेमागचा माणूस फोन कानाला लावून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता की ते आमच्याकडे नाही, वरच्या मजल्यावर विचारा. तिच्या पुढे सहाजण होते. ती सातवी होऊन उभी राहिली.